जुनं घड्याळ घ्यायचं तर आधी पाठ बघा

जुनं मनगटी घड्याळ हातात आलं की आधी ते उलटं करा. डायलवर माणूस भाळतो आणि मग बाकीचं काही दिसत नाही. मागच्या झाकणावर 'स्टेनलेस स्टील बॅक' असं कोरलेलं असेल तर त्याचा अर्थ तेवढाच: पाठ स्टीलची, बाकीचं अंग बहुधा पितळेचं आणि वर क्रोमचा मुलामा. 'ऑल स्टेनलेस स्टील' असेल तर सगळं स्टीलचं. पुण्यातल्या माणसाला हा फरक परवडेल. वेंगुर्ल्यापासून हर्णैपर्यंत बँकेच्या शाखांत नोकरी काढलेल्या माझ्यासारखीला नाही. खारा वारा आणि उन्हाळ्यातला घाम मिळून मुलामा खातात.

पट्टा काढायला सांगा. विकणारा कुरकुरला तर घड्याळ परत ठेवा. पट्टा अडकतो त्या कानांच्या आतल्या बाजूला भिंग लावून बघा. माझ्यापुढे आत्ता एक चावीचं एचएमटी आहे. समोरून लखलखीत, पण डाव्या कानाच्या आत क्रोमला फोड आलेत, एक फुटलाय, त्यातून पिवळं पितळ दिसतंय आणि कडेला हिरवट पूड जमलीय. कलई उडालेल्या पातेल्यात ताक कळकतं ना, तोच प्रकार. ही पूड उदबत्तीच्या उरलेल्या बांबूच्या काडीनं हलकेच खरवडून काढायची. टाचणीनं नाही, टाचणी उरलेला मुलामाही उचलते. पुन्हा क्रोम चढवून घेण्याच्या फंदात पडू नका. त्याआधी घासाघीस करावी लागते आणि कडा गोल होऊन घड्याळाचा चेहराच जातो. सोन्याच्या मुलाम्याचंही तसंच. '२० मायक्रॉन' लिहिलेलं असतं. म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग. दोन-चार वेळा पॉलिश मारलं की संपलं.

काच नखानं वाजवा. आवाज बोदा आला आणि स्पर्श कोमट लागला तर ती ॲक्रिलिकची. चांगली गोष्ट आहे. बारीक ओरखडे साध्या पांढऱ्या टूथपेस्टनं, मऊ सुती कापडानं गोल गोल घासून जातात. कडेच्या धातूवर आधी चिकटपट्टी लावा. खऱ्या काचेवर हा उपाय चालत नाही, ती बदलावीच लागते.

आता डायल. एचएमटीनं १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्यानं बंगळुरात घड्याळं करायला घेतली, आणि २०१६ मध्ये सरकारनं तो घड्याळांचा कारखाना गुंडाळायचं ठरवलं. त्यानंतर मागणी वाढली आणि एचएमटीच्या 'पायलट' या मॉडेलची भडक निळी-केशरी डायलं बाजारात आली. ती बहुधा नव्यानं रंगवलेली असतात. अक्षरं जाड, एका ओळीत नसलेली, मिनिटांच्या रेघा आकड्यांपासून सरकलेल्या दिसल्या की समजा. मला तरी डागाळलेलं पण मूळचं डायल जास्त आवडतं. त्याला ओला बोळा लावायचा नाही, छपाई निघून येते.

काट्यांवर अंधारात चमकण्यासाठी लावलेला पिवळट-तपकिरी लेप असेल तर जपून. साधारण १९६० च्या दशकापर्यंत त्यात रेडियम हा किरणोत्सारी पदार्थ वापरत. अंधारात चमकत नाही म्हणजे धोका गेला असं नाही. चमकणारी पूड थकते, रेडियम १६०० वर्षांत जेमतेम निम्मं होतं. असं घड्याळ घरी उघडू नका, खरवडू नका, उशाशी ठेवू नका. डायलच्या तळाशी 'टी स्विस टी' असेल तर तो ट्रिटियम, हाही किरणोत्सारी, पण त्यामानानं सौम्य.

आमच्या किनाऱ्यावरची खरी खाण म्हणजे आखातातून आलेली सिको ५, हाताच्या हालचालीनं आपोआप चावी भरणारी जपानी घड्याळं. बाणकोट खाडीकाठच्या एका घरी खालांनी पेटीतून त्यांच्या यजमानांचं काढून दाखवलं, कुवेतहून आणलेलं. पाठीवरच्या सहा खुणांत पहिला आकडा सालाचा शेवटचा, दुसरी खूण महिन्याची; ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरला ओ, एन, डी. इथे '८डी'. १९७८ की १९८८? खाला म्हणाल्या, "थोरला पोटात होता तेव्हाचं." थोरला आता पंचेचाळिशी उलटलेला, म्हणजे ७८. अशी विचारपूस कुठल्याही पुस्तकापेक्षा उपयोगी. घड्याळ त्यांना विकायचं नव्हतं, मीही भाव काढला नाही. यातल्या ७००९ क्रमांकाच्या मशीनला हातानं चावी भरत नाही, नुसती फिरते. बंद पडलंय म्हणून कुणी स्वस्तात देत असेल तर आधी हलवून बघा.

जून ते सप्टेंबर पट्टे काढून घड्याळं घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषून रंग बदलणाऱ्या सिलिका जेलसोबत ठेवा. चामड्याचा पट्टा बाहेरच. बुरशी त्यालाच आधी धरते. 'वॉटरप्रूफ' या जुन्या अक्षरांवर विसंबून समुद्रात उतरायचं नाही, आतलं रबर कधीच वाळलेलं असतं. खारं पाणी शिरलंच तर तांदळाच्या डब्यात पुरू नका, त्यानं मीठ निघत नाही. त्याच दिवशी घड्याळजींकडे जा.

आणि देताना दोन गोष्टी तोंडी न सांगता चिठ्ठीवर लिहून द्या: केसला, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या अंगाला, बफ मारू (मशीनवर घासून चमकवू) नका, आणि काढलेले जुने भाग पुडीत बांधून परत द्या.