जुनं लोखंडी कपाट घेताना आधी बूड बघा

पंप आणि विजेच्या मोटारींचं रिवाइंडिंग (आतली जळालेली तार काढून नवी गुंडाळणं) घरच्या पडवीत करायचं म्हणजे आधी वजन ठेवायला जागा हवी. तांब्याच्या तारेची रिळं, बेअरिंगं, इंपेलर, पुल्या, जुने रोटर. लाकडी मांडणी एवढ्या ओझ्याने वाकते, आणि आमच्या राजापूरकडे वाळवी तिला फार दिवस ठेवत नाही. म्हणून मी लोखंडी कपाटंच घेते, आणि तीही जुनी. कंपन्या-ऑफिसांतून निघालेल्या जुन्या कपाटांचा पत्रा बरेचदा आजच्या स्वस्त कपाटांपेक्षा जाड असतो. गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड: 20 गेज म्हणजे साधारण 0.9 मिलिमीटर, 18 गेज म्हणजे 1.2. तारेचं गेज मोजायची गोल चकती पत्र्याच्या कडेला लावली की लगेच कळतं.

लोटे-परशुराम, खेर्डी, मिरजोळे, कुडाळ या एमआयडीसींच्या आसपासच्या भंगारवाल्यांकडे चौकशी ठेवा. कपाट दाखवताना विकणारा दरवाजा उघडून आतल्या फळ्या दाखवील, किल्ली फिरवून दाखवील. तुम्ही खाली बसा. कपाट सडतं ते खालच्या वीतभर भागात. फरशी पुसल्याचं पाणी, पावसाळ्यातली ओल, खारी हवा, सगळं तिथेच साठतं. कपाट भिंतीला टेकवून तिरकं करायला लावा आणि टॉर्च मारून बूड बघा. वरवरचा तांबूस गंज तारेच्या ब्रशने निघतो, त्याची चिंता नको. पापुद्रे सुटत असतील, स्क्रूड्रायव्हरचं टोक आत जात असेल, तर नवा रंग कितीही चकचकीत असो, ते कपाट सोडा. रंगाखाली पुट्टी भरलीय का हे लोहचुंबक सांगतं. पुट्टीचा थर जाड असेल तिथे ते पकड सोडतं.

पुराचं कपाट ओळखायला शिकाच. 22 जुलै 2021ला चिपळूण बुडालं, राजापूर आणि खेडच्या बाजारपेठांतही पुराचं पाणी शिरतं. अशा पाण्यातला गाळ पोकळ दरवाज्यांच्या आत बसतो आणि तिथून पत्रा कुजवत राहतो. दरवाजा हलवून ऐका, आत माती खुळखुळते का. बिजागरीच्या खाचेत आणि ड्रॉवरच्या पट्ट्यांमागे बोट फिरवा. बाहेरून कितीही धुतलं तरी तिथला चिखल राहतोच.

भाव करण्याआधी वजनाचा अंदाज घ्या. साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद, दीड फुटाच्या वर खोल अशा कपाटाला चार फळ्यांसकट सुमारे 8 चौरस मीटर पत्रा लागतो. 20 गेजचा पत्रा चौरस मीटरला सात किलोच्या आसपास भरतो. म्हणजे घड्या, कुलूप, बिजागऱ्या धरून साठ-पासष्ट किलो. त्या दिवसाच्या भंगाराच्या दराने याची जी रक्कम होईल तिच्याखाली भंगारवाला येणार नाही. घासाघीस त्याच्या वरची. ड्रॉवरवालं टूल कॅबिनेट असेल तर वजन कितीतरी जास्त. त्याचे सगळे ड्रॉवर आधी काढा, खडूने नंबर टाका आणि ज्याच्या त्याच खणात परत घाला. पट्ट्या आपल्या खणापुरत्या झिजलेल्या असतात, अदलाबदल केली की अडकतात.

पैसे देण्याआधी घरची मापं घ्या. माप नुसत्या दाराचं पुरत नाही. 78 इंच उंच आणि 19 इंच खोल कपाट आडव्याचं उभं करताना त्याचा कर्ण 80 इंचांच्या थोडा वरच जातो. उतरत्या छपराच्या पडवीत तेवढी उंची कुठे मिळते ते आधी बघून ठेवा. जुन्या घरांचा उंच उंबराही विसरू नका.

गाडी छोटा हत्ती पुरे. कपाट पाठीवर झोपवायचं, दरवाज्यांवर कधीच नाही. खाली गोणपाट, कुलूप लावून किल्ली खिशात, आणि दरवाज्यांवरून दोर. फळ्या सुट्या काढून वेगळ्या बांधा.

खरी कसोटी रस्ता संपल्यावर लागते. आमच्या घरी यायला पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरावी लागते. दोन जाड बांबू पायऱ्यांवर लांब टाकायचे, त्यावर कपाट पाठीवर सरकवायचं. होडीवाले वापरतात तसा जाड दोर बुडाच्या चौकटीला बांधून वरच्या माडाच्या बुंध्याला दोन वेढे द्यायचे. वेढ्यांमुळे एक माणूससुद्धा ओझं हळूहळू सोडू शकतो. गडी म्हणतात, "वैनी, दोर कशाला, धरतो की आम्ही." नाही. कपाटाच्या खालच्या बाजूला कोणी उभं राहायचं नाही, हे मी कोणाच्याही सांगण्यावरून बदलत नाही. घसरलेलं लोखंड हातांनी थांबत नाही. सपाटीवर दीड इंची पाइपाचे तीन तुकडे खाली घालून ढकला. जमीन सारवलेली असेल तर आधी फळ्या अंथरा, नाहीतर पाइप रुततात.

जागेवर नेण्याआधीच बुडाला ब्रश मारून रेडऑक्साइड आणि वर ऑइलपेंटचे दोन हात द्या. हे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत करा. दमट दिवसांत लावलेल्या रंगाखाली गंज चालूच राहतो. कपाट जमिनीवर थेट ठेवू नका. ग्रॅनाइटच्या पट्ट्यांवर दोन-तीन इंच उचलून ठेवा, आणि जांभ्याच्या भिंतीपासून वीतभर लांब. ती भिंत पावसात ओल सोडते. जांभ्यात स्क्रूसाठी ठोकलेला छोटा प्लग सैल होतो, म्हणून कपाट कलंडू नये यासाठी लावायची वरची पट्टी लाकडी खांबाला स्क्रूने आवळा. रिळं आणि रोटर तळाला, हलकं वर. भरलेले दोन ड्रॉवर एकदम उघडले तर कॅबिनेट अंगावर येतं, हे घरातल्या पोरांनाही सांगून ठेवा.

पावसाळ्यात दमट ठिकाणच्या मोठ्या मोटारींत बंद असताना छोटा हीटर चालू ठेवतात, वाइंडिंगला ओल धरू नये म्हणून. मी तेच कपाटात करते: खालच्या खणात पंधरा वॅटचा जुन्या पद्धतीचा, तार तापणारा बल्ब, जाळीच्या पिंजऱ्यात, कागद-कापडापासून दूर. कपाटाला अर्थिंग मात्र नीट करून घ्या, आणि वायर आत जाते त्या भोकाला रबरी ग्रोमेट (कडेची रबरी रिंग) लावा.