वाईनचे पॉइंट्स मागून द्या, चव आधी लिहा

बाटलीवर ९१ पॉइंटचं स्टिकर दिसलं की हात आपोआप तिकडेच जाते, माझंही बरेच वर्षं असंच होतं. पण ते ९१ येतात कुठून ते बघा. रॉबर्ट पार्कर या अमेरिकन वाईन समीक्षकाने १९७८ पासून ही १०० पॉइंटची पद्धत रुजवली, त्यात ५० तर वाईनला असेच मिळतात, मग रंगरूपाचे ५, वासाचे १५, चवीचे २० अन् एकूण दर्जाचे १०. म्हणजे पेपर खरा ५० चाच, अन् वाईन आंबट आहे का तुरट, जेवणासोबत जमेल का, हे त्यातून काहीच कळत नाही. ते लिहिलेल्या चवीतून कळते, म्हणून एक वही करा.

आधी बाटली थंड करा. रूम टेम्परेचरवर रेड वाईन प्या हा सल्ला थंड देशातला आहे, इथे मे महिन्यात ४५ डिग्री होऊन राहिलं, तेव्हा रेडही पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवाच, नाहीतर नाकात नुसता अल्कोहोल जाते.

ग्लास एक तृतीयांश भरा, न हलवता वास घ्या, मग गोल फिरवून परत घ्या, अन् जे पहिले आठवलं ते लगेच लिहा, कोणाला न विचारता. ब्लॅककरंट वगैरे शब्द उसने घेऊ नका, आपण ते फळ कधी खाल्लंच नाही तर लिहायचं कशाला? माझ्या वहीत नाशिकच्या सोव्हिन्यॉं ब्लां या व्हाईट वाईनपुढे लिहिलंय, "चिरलेली शिमला मिरची, ओलं गवत, मागून कैरी". अन् हे मनाचे खेळ नाहीत, तो हिरवा वास देणारे पायराझिन नावाचे घटक शिमला मिरचीतही असतात. शिराझ या रेड वाईनमध्ये मिरे जाणवले तर तेही बरोबर, रोटंडोन नावाचं तेच द्रव्य दोघांत असते.

मग घोट तोंडात फिरवा. पाणी सुटलं म्हणजे आंबटपणा, कडक कोऱ्या चहासारखी जीभ आखडली म्हणजे टॅनिन, वाईनमधलं तुरट द्रव्य. गिळल्यावर चव किती सेकंद टिकते ते मोजा. सोबत काय खाल्लं तेही लिहा, सावजी मटणासोबत माझ्या शिराझने तिखट अजून भडकवलं होतं, ते आकड्यात कुठून दिसणार!

पॉइंट द्यायचेच तर सगळ्यात शेवटी द्या. कॅलिफोर्नियाच्या एका स्पर्धेत रॉबर्ट हॉजसन या वाईन बनवणाऱ्याने परीक्षकांना नकळत तीच वाईन तीनदा दिली, तर जेमतेम १० टक्के लोकांचेच मार्क तिन्ही वेळा एकाच मेडलच्या (गोल्ड, सिल्व्हर, ब्रॉन्झ) गटात राहिले (२००८ चा अभ्यास आहे). म्हणून महिन्याभराने तीच बाटली परत आणा, जुनं पान न बघता नवीन लिहा, मग दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचा.