मुलांचं जेवण की मोठ्यांचं?
सहलीत मुलांचं जेवण वयावर नाही, भुकेवर ठरवा. दहा वर्षांचं पोर दुपारभर पोहून आलं की मोठ्यांच्या बरोबरीनं जेवतं. तेच गाडी लागली असेल तर दोन घासांत ताट सरकवतं. मुलांच्या मेन्यूत बहुधा तळलेलंच जास्त, हा माझा जुना राग. म्हणून दोन लहान भावंडांत मोठ्यांची एक डिश आणि एक रिकामी प्लेट मागवा. कमी पडलं तर वरून घेता येतं. बुफेत मात्र असं वाटून खाणं सहसा चालत नाही. तिथे मुलांचा दर कितव्या वर्षापर्यंत आणि वय बुकिंगच्या दिवशीचं धरतात की मुक्कामाच्या, हे आधीच विचारून घ्या.