मानसिक आजार असलेल्या माणसाची बिडी सोडवताय? या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे प्रयत्नच न करणं. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असलेल्या मुलाची आई म्हणते, "ताई, लग्न नाही, नोकरी नाही, त्याला दुसरं काय सुख आहे हो? ओढू दे बिडी." बोलण्यात माया असते, पण परिणाम वाईट होतो. जागतिक आरोग्य संघटनेनुसार गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं लवकर जातात, आणि त्यातले बरेच मृत्यू हृदयविकार, फुप्फुसाचे आजार अशा टाळता येण्याजोग्या कारणांनी होतात. त्यात धुराचा वाटा फार मोठा आहे. मुलाचं डोकं शांत राहावं म्हणून आपण त्याला बंडल आणून देतो आणि त्याच बंडलानं त्याचं आयुष्य कमी होतं.

बिडीनं डोकं शांत होतं हाही गैरसमजच. शांत होते ती तलफ, जी आधीच्या बिडीनंच लावलेली असते. सोडून काही आठवडे झालेल्यांमध्ये चिंता आणि उदासी कमी होते, मानसिक आजार असलेल्यांमध्येसुद्धा, हे २०१४ पासून अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यांमधून दिसलं आहे.

डॉक्टरांना न सांगता सोडणं

ही चूक धोक्याची आहे आणि हिच्याबद्दल घरी कुणालाच माहिती नसते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

बिडी-सिगारेटच्या धुरातल्या काही घटकांमुळे यकृतातलं एक विकर (एन्झाइम) जोरात काम करू लागतं. क्लोझापिन आणि ओलान्झापिन या मानसिक आजाराच्या गोळ्या तेच विकर शरीरातून बाहेर काढतं. ओढणाऱ्या माणसाच्या शरीरातून औषध लवकर संपतं, म्हणून त्याचा डोस त्या हिशोबानं वाढवलेला असतो. बिडी बंद झाली की आठवड्याभरात विकराचा वेग उतरतो आणि तोच डोस जास्त होऊन बसतो. माणूस दिवसभर झोपतो, लाळ गळते, उभं राहिलं की चक्कर येते, बद्धकोष्ठता वाढते. क्लोझापिनमध्ये तर फीटही येऊ शकते. घरचे म्हणतात, "बिडी सोडली आणि हा जास्तच आजारी पडला." मग कुणीतरी पुन्हा बिडी हातात देतं.

म्हणून तारीख ठरवण्याआधी डॉक्टरांना भेटा, डोस किती आणि कधी कमी करायचा ते लिहून घ्या. स्वतःच्या मनानं गोळी अर्धी करू नका. दिवसाला दहाबारा सिगारेटीही यकृताचा वेग जवळजवळ पूर्ण वाढवायला पुरतात, त्यामुळे तिसावरून पंधरावर आल्यानं फारसं बिघडत नाही, खरा बदल शेवटच्या टप्प्यात होतो. रिस्पेरिडोन आणि ॲरिपिप्राझोलवर हा परिणाम जवळपास होत नाही.

हे सगळं धुरामुळे होतं, निकोटिनमुळे नाही. त्यामुळे निकोटिनचं च्युइंगगम किंवा पट्टी वापरली तरी डोसचा हिशोब बिडी बंद झाल्यासारखाच धरायचा. उलट प्रकारही लक्षात ठेवा. रुग्णालयात दाखल असताना ओढायला मिळत नाही, तेव्हा बसलेला डोस घरी येऊन पुन्हा बिडी सुरू झाली की कमी पडतो आणि आवाज, संशय परत येतात. दाखल होताना आणि घरी सोडताना, दोन्ही वेळी हे स्वतःहून सांगा.

चहाचंही तसंच. कॅफिन त्याच विकरातून जातं, म्हणून बिडी सोडल्यावर नेहमीचे पाचसहा कप धडधड आणि झोपमोड करतात. चहा निम्म्यावर आणा. लिथियमची गोळी चालू असेल तर चहा कमी करणंही डॉक्टरांना विचारून, हळूहळू.

बिडीऐवजी तंबाखू मळणं

आपल्याकडची खास चूक. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे ३.८ टक्के होते आणि तोंडात तंबाखू धरणारे २४.४ टक्के. नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यांत काय किंवा घरात काय, पुडी पुढे करणारा हात शेजारीच असतो. बिडीऐवजी तंबाखू घेतल्यानं तोंडाच्या कर्करोगाचा धोका तसाच राहतो. गोळ्यांच्या बाबतीत मात्र ते बिडी सोडल्यासारखंच असतं, डोस जास्त होतो.

बिडीचं बक्षीस आणि शिक्षा

"गोळी घेतलीस तर एक देईन." "आंघोळ केलीस तर देईन." हे लगेच थांबवा. यामुळे घरातलं सगळं देणंघेणं बिडीभोवती फिरायला लागतं, आणि सोडणं म्हणजे आपल्या हातचं काहीतरी काढून घेणं असं त्याला वाटतं. बंडल लपवल्यानं टपरीवरची उधारी आणि रस्त्यावरची थोटकं वाढतात, बाकी काही नाही. त्याऐवजी सकाळच्या चहानंतरची एक बिडी कशी टळेल, हे त्याच्याशीच बोलून ठरवा.

चिडचिड म्हणजे आजार उलटला असं धरणं

चिडचिड, अस्वस्थपणा, झोप न येणं, लक्ष न लागणं, हे निकोटिन बंद झाल्यावर पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त असतं आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतं. पण संशय, ऐकू येणारे आवाज, रात्रभर जागूनही न थकणं, मरणाची भाषा, हे दिसलं तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

गम गोळीसारखं चघळणं

निकोटिनचं गम भराभर चावलं तर मळमळ होते आणि लोक फेकून देतात. चव तिखट लागेपर्यंत चावा, मग गालात धरा, पुन्हा चावा. आधी पंधरा मिनिटं चहा नको. डोस तलफीनुसार लागतो, तो विचारून घ्या. व्हॅरेनिक्लिन या तंबाखू सोडवणाऱ्या गोळीनं मन बिघडेल ही भीती २०१६ च्या आठ हजारांहून अधिक लोकांच्या अभ्यासानं बरीच कमी केली, त्यात निम्म्याजवळ मानसिक आजार असलेले होते. बुप्रोपियॉन ही तंबाखू सोडवण्याची दुसरी गोळी मात्र क्लोझापिन किंवा फीटचा इतिहास असेल तर टाळतात, आणि बायपोलरमध्ये फार जपून देतात.

एकदा ओढली म्हणजे संपलं असं मानणं

ब्रिटनमध्ये ५२६ जणांवर झालेल्या अभ्यासात घरी जाऊन, सावकाश आणि पुन्हा ओढायला लागले तरी परत सोबत करणारी मदत दिली. सहा महिन्यांनी १४ टक्के लोकांची सुटली होती, नेहमीच्या सेवेत ६ टक्के. वर्षाअखेर हा फरक कमी झाला. मला त्यातून एवढंच दिसतं की मदत लवकर थांबवू नये. पुन्हा सुरू झाली तर रागावू नका, डॉक्टरांना मात्र नक्की सांगा, कारण डोस पुन्हा बदलावा लागेल.

तंबाखू सोडण्यासाठीचा मोफत क्रमांक १८००-११-२३५६ आणि मनाच्या आजारासाठी टेलिमानस १४४१६. नाशिकच्या जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जाताना सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या आणि दिवसाला किती बिड्या लागतात त्याचा आकडा लिहून न्या.