ओव्हरीच्या कॅन्सरनंतर दुसऱ्या कॅन्सरवर लक्ष कसं ठेवायचं

आईचे केमो संपले, सीए-१२५ (ओव्हरीच्या कॅन्सरवर लक्ष ठेवायची रक्ताची टेस्ट) नॉर्मल आला आणि आम्ही सगळ्यांनी हुश्श केलं. पण ब्रेस्टमध्ये किंवा आतड्यात नवीनच काही सुरू झालं तर सीए-१२५ नॉर्मलच राहू शकतो हे तेव्हा डोक्यातच नव्हतं, म्हणून हे लिहितेय.

पहिलं काम जीन टेस्टचं. बीआरसीए १, बीआरसीए २ (यांच्यात दोष असला तर ओव्हरी आणि ब्रेस्टच्या कॅन्सरचा धोका वाढतो) आणि जमलं तर लिंच सिंड्रोमचेही (आतड्याच्या, गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा जन्मजात दोष) जीन त्यातच बघून घ्या. "आमच्याकडे कुणालाच नाही" म्हणून टाळू नका, कारण हा दोष वडिलांकडूनही येतो आणि आपण मावश्या मोजतो, आत्या विसरतो. गाठीवर टेस्ट झाली असेल तरी रक्ताची वेगळी विचारा, दोष जन्मजात आहे का हे रक्तावरूनच पक्कं कळतं.

बीआरसीए निघाला तर ब्रेस्टची मॅमोग्राफी, एमआरआय कधी ते विचारा. लिंच निघाला तर दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने आतड्याची तपासणी), गर्भाशय बहुतेक वेळा ऑपरेशनमध्येच निघालेलं असतं. स्टेज पुढची असेल तर डॉक्टर म्हणतील आधी जुनाच परत येतोय का ते बघू, तेव्हा भांडू नका, त्यांचं बरोबर असतं.

आता रक्त. कार्बोप्लॅटिनसारख्या केमोमुळे आणि ओलापॅरिबसारख्या (केमोनंतर कॅन्सर परत येऊ नये म्हणून देतात त्या) गोळ्यांमुळे क्वचित बोनमॅरो बिघडतो, ल्युकेमियाही होतो. ओलापॅरिब चालू असेल तर पहिलं वर्षभर दर महिन्याला सीबीसी (रक्तपेशींचे काउंट बघायची टेस्ट), चुकवायचा नाही. काउंट कमी येऊन गोळी थांबवल्यावरही आठवड्यानुआठवडे वर येत नसतील, उगाच काळेनिळे डाग पडत असतील तर "केमोचा थकवा असेल" म्हणून घरी बसू नका.

आणि नवीन गाठ लागली तर लगेच "परत आला" म्हणून रडायला लागू नका (आम्ही रडलो). बायोप्सी करताना जुना कॅन्सर कुठला होता ते लॅबच्या फॉर्मवर लिहून द्या आणि जुने ब्लॉक-स्लाइड सोबत न्या, म्हणजे जुनाच पसरलाय की नवीन आहे ते ताडून बघता येतं, औषधं पूर्ण वेगळी असतात हो. ब्लॉक म्हणजे मेणातले ते छोटे तुकडे, हॉस्पिटलकडे अर्ज करून मिळतात.

टेस्ट पॉझिटिव्ह आली तर प्रत्येक भावंडाला, मुलामुलीला तो दोष असण्याची शक्यता ५० टक्के. आमची मावशी म्हणाली मला काही सांगू नकोस. मी तिच्या मुलीला सांगितलं.