मेलमध्ये प्रत्येकाचं नाव आपोआप कसं टाकायचं

आमच्या ठाण्याच्या वाचनालयाचं महिन्याचं ईमेल पत्रक मी पाठवते, आणि "प्रिय सभासद" पेक्षा "नमस्कार मीनाताई" वाचलं की माणसाला बरं वाटतं, म्हणून हे लिहितेय.

आधी एक्सेल किंवा गूगल शीट घ्या, नाव, आडनाव, ईमेल, एरिया सगळ्याचे वेगळे कॉलम करा, एकाच खान्यात पूर्ण नाव कोंबू नका. मग मेलचिंपमध्ये (एकदम अनेकांना ईमेल पाठवायची ऑनलाइन सेवा) यादी अपलोड करताना कुठला कॉलम कशाचा ते जुळवा आणि मजकुरात नावाच्या जागी मर्ज टॅग, म्हणजे त्या कॉलमची खूण, टाका, पाठवताना तिथे ज्याचं त्याचं नाव येतं. नाव रिकामं असेल तर काय यावं तेही सेट करा, मी "वाचकहो" ठेवलंय.

मराठीत खरी गडबड प्रत्ययांची होते!! एरियाच्या टॅगला "त" चिकटवला की "नौपाडात" येतं, पाहिजे असतं "नौपाड्यात". म्हणून मी शीटमध्ये वेगळा कॉलमच केलाय, त्यात नौपाड्यात, वाशीत, नेरुळमध्ये असं हाताने लिहिते, वेळ जातो पण वाचायला नीट लागतं. ताई की दादा त्याचाही कॉलम ठेवा, अंदाजाने लावू नका.

पाठवायच्या आधी स्वतःला टेस्ट मेल टाका, एक नाव मुद्दाम रिकामं ठेवून.