पार्क बीएमएक्ससाठी मागचा हब आणि गिअर कसा निवडावा

पार्क प्रकारात, म्हणजे रॅम्पांच्या मैदानात कसरती करत, चालवल्या जाणाऱ्या बीएमएक्स या लहान, वीस इंची चाकांच्या सायकलीला गिअर एकच असतो. त्यामुळे पुढच्या स्प्रॉकेटचे (दातेरी थाळीचे) दाते, मागच्या ड्रायव्हरचे (मागच्या चाकावरच्या छोट्या दातेरी चक्राचे) दाते आणि हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) पोटातली यंत्रणा या तीन गोष्टी एकदा ठरल्या की सायकलीचा स्वभावही ठरून जातो. २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये हा प्रकार प्रथमच खेळवला गेला. तिथली साठ सेकंदांची फेरी नीट पाहिली, तर खेळाडू दोन रॅम्पच्या मधल्या जागेत दोन-तीनदाच पेडल मारतो आणि उरलेला वेग उतारावर अंग दाबून व चढावर हलके करून मिळवतो, हे ध्यानात येते. म्हणजे इथे गिअर निवडायचा तो सर्वाधिक वेगासाठी नव्हे, तर त्या मोजक्या पेडलांत पुढच्या उडीपुरता वेग मिळावा यासाठी. हबची निवड मात्र मुख्यतः सायकल मागच्या दिशेने कशी न्यायची, या प्रश्नावर अवलंबून असते.

खरेदीआधी मोजमाप घ्यावे. फ्रीस्टाइल (कसरतींच्या सायकलीच्या) फ्रेमच्या मागच्या दोन खाचांमधले आतले अंतर सहसा ११० मिमी असते आणि त्यात १४ मिमी जाडीचा आस बसतो. स्वस्त वीस इंची सायकलींत बहुधा ३/८ इंचाचा बारीक आस असतो व खाचाही तेवढ्याच अरुंद असतात. अशा फ्रेमला कानशीने घासून १४ मिमीचा आस बसवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये, कारण ज्या जागी उडीचा सगळा भार येतो तिथलेच पोलाद त्यामुळे कमी होते. रेसिंगचे हबही रुंदीने ११० मिमीच असतात, पण त्यांचे आस बहुधा बारीक असल्यामुळे नुसता रुंदीचा आकडा पाहून ते घेऊ नयेत. त्यानंतर रिमची भोके मोजावीत. आज फ्रीस्टाइलमध्ये ३६ भोके रूढ आहेत, तर जुन्या जड चाकांत ४८ सापडतात. रिम तीच ठेवायची असेल तर हबही तितक्याच भोकांचा लागतो.

आता हबचा प्रकार. सर्वांत जुना म्हणजे फ्रीव्हीलचा हब, ज्यावर फ्रीव्हील आट्यांवर फिरवून चढवतात. त्याची यंत्रणा दात्यांच्या आतच बसवावी लागत असल्याने तो फार लहान करता येत नाही. नेहमीच्या रुंद आट्यांवर साधारण १६ दाते आणि ३० मिमीच्या बारीक आट्यांवर १४ किंवा १३ दाते येतात. मागे १६ म्हटले की पुढे ४४ दात्यांची मोठी थाळी आली, आणि रॅम्पच्या कडेवर सायकल टेकवताना तीच आधी आपटते. कॅसेट हबने ही अडचण सोडवली. त्यात पकडणारे खटके हबच्या पोटात गेले आणि दाते व बेअरिंग एकाच छोट्या ड्रायव्हरवर आले, त्यामुळे मागे ९ दाते बसू शकतात व पुढे २५ पुरतात.

कॅसेट हबवर सायकल उलटी जाऊ लागली की पेडलही उलटे फिरते. या उलट्या जाण्याला फेकी म्हणतात. २५/९ गिअर (पुढे २५, मागे ९ दाते) आणि २.३ इंच रुंद टायर असेल, तर सुमारे ४.४ मीटर उलटे जाताना क्रँकचा (पेडलच्या दांड्याचा) एक पूर्ण उलटा फेरा होतो. त्या लयीत पाय मागे नेत राहावे लागते, नाहीतर चाक पायांना ढकलते. फ्रीकोस्टर हबमध्ये हे टळते. त्याचा ड्रायव्हर स्क्रूसारखा आटेदार असतो. पेडल पुढे मारले की तो आतल्या क्लचला बाजूला सरकवून हबच्या भिंतीवर दाबतो आणि किंचित मागे घेतले की क्लच सुटतो. मग चाक कितीही उलटे फिरले तरी पाय स्थिर राहतात. याची किंमत म्हणजे पुन्हा पुढे पेडल मारताना क्लच पकडेपर्यंतची रिकामी जागा. ही जागा अनेक हबांत बारीक वॉशर घालून किंवा काढून कमी-जास्त करता येते. फार कमी केली तर फेकीत पाय जरासा हलताच क्लच पकडतो, आणि फार ठेवली तर पहिला जोर वायाच जातो.

पार्कमध्ये ही रिकामी जागा रस्त्यापेक्षा अधिक बोचते. टेलव्हिपमध्ये (हँडल धरून हवेत फ्रेम फिरवण्याच्या कसरतीत) फ्रेम फिरून पाय पेडलवर परत पडतात तेव्हा क्रँक थोडे मागे गेले तर क्लच सुटतो, आणि उतरल्याबरोबर मारलेले पेडल काही अंश मोकळे जाते. दोन रॅम्पमधले अंतर अपुरे असेल तर तेवढ्यानेच पुढच्या बॉक्ससाठी (उडीच्या रॅम्पसाठी) लागणारा वेग हुकतो. म्हणून पहिल्या पार्क सायकलीसाठी माझा कौल कॅसेटला आहे. कॅसेटवर उलटे पेडल मारत फेकी शिकलेल्या माणसाला पुढे फ्रीकोस्टर घेता येतो. फ्रीकोस्टरवर सुरुवात केलेल्याला मात्र ती लय बसवायला नंतर बरेच झगडावे लागते.

कॅसेट निवडताना विक्रेता पकडीच्या बिंदूंचा, म्हणजे एका फेऱ्यात खटके किती ठिकाणी अडकतात त्याचा, आकडा पुढे करतो. तो कसा वाचावा? एका फेऱ्यात ३६ बिंदू असलेला हब दर १० अंशांवर पकडतो. पण हे अंश ड्रायव्हरचे आहेत. २५/९ गिअरमध्ये क्रँकवर ते सुमारे ३.६ अंश होतात, म्हणजे १७५ मिमी क्रँकच्या टोकाशी जेमतेम ११ मिमी. बिंदू दुप्पट केले तर हे अंतर ५ ते ६ मिमीवर येते. हा फरक पायाला कळतो, पण त्यासाठी भरपूर जादा पैसे मोजण्याऐवजी ते बंद बेअरिंगवर आणि चांगल्या पोलादी ड्रायव्हरवर खर्च करावेत, असे मला वाटते.

गिअरसाठी पुढचे दाते भागिले मागचे दाते एवढेच गणित लागते. ४४/१६ म्हणजे २.७५, ३६/१३ म्हणजे २.७७ आणि २५/९ म्हणजे २.७८, तिघांचा चालवण्याचा अनुभव जवळपास एकच, फक्त थाळी लहान होत गेली. पार्कसाठी २५/९ पासून सुरुवात करावी. रॅम्प जवळजवळ असतील आणि अंगकाठी लहान असेल तर २३/९, म्हणजे एका फेऱ्यात सुमारे ४.१ मीटर, चटकन वेग देतो. मोठ्या, लांब अंतराच्या पार्कमध्ये २८/९ घेतला तर ५ मीटरच्या आसपास जाता येते, पण उभ्याने पहिले पेडल मारताना तो जड लागतो. लहान थाळीचा एक तोटा सहसा कोणी सांगत नाही: पायाचा जोर तेवढाच असला तरी २५ दात्यांच्या थाळीवर चेनला ४४ दात्यांच्या थाळीपेक्षा सुमारे पावणेदोन पट ताण बसतो, शिवाय मागे तो ९ दात्यांपैकी थोड्याच दात्यांवर पडतो. त्यामुळे १/८ इंच रुंदीची मजबूत चेन घ्यावी आणि ती ताणली गेली की ड्रायव्हर झिजण्याआधी बदलावी.

चेन कोणत्या बाजूला हवी, हेही आधीच ठरवावे. पेग (आसाच्या टोकाला बसवायच्या नळ्या) लावून उजव्या बाजूने कडेवर घासत जायची सवय असेल तर डाव्या बाजूची चेन सोयीची. काही हबांचा ड्रायव्हर दोन्ही बाजूंना चालतो, तसे विचारून घ्यावे. पेग असतील तर हबच्या कडांवर व स्पोकवर येणारे हबगार्डही त्याच वेळी घ्यावे. पेग मुळीच लावायचे नसतील तर आतून आटे असलेला व बोल्टने आवळायचा हलका आस चालतो. आपल्याकडच्या नेहमीच्या सायकल दुकानात १४ मिमी आसाचे सुटे भाग क्वचितच मिळतात, तेव्हा हब मागवतानाच जादा नट आणि एक ड्रायव्हर मागवणे शहाणपणाचे.

बसवताना चेनची लांबी आधी पाहावी. पुढे एक दाता वाढवला तर तीच चेन ठेवून चाक सुमारे ३ मिमी पुढे सरकते, आणि अर्धी कडी काढली तर ६ मिमीहून थोडे जास्त. खाचेत तेवढी जागा नसेल तर चेन कापावी किंवा वाढवावी लागेल. चाक मध्यावर आणून, क्रँक हळूहळू पूर्ण फिरवत चेनचा झोल पाहावा. थाळी केंद्रापासून जराशी सरकलेली असली तरी झोल एका जागी कमी व दुसऱ्या जागी जास्त दिसतो, म्हणून सर्वांत घट्ट जागी बोटाने दाबून सुमारे एक सेंटीमीटर हालचाल राहील असा ताण ठेवावा. त्याहून घट्ट केली तर हबची बेअरिंग लवकर जाते. मग दोन्ही नट १७ मिमीच्या पान्याने आळीपाळीने आवळावेत. नव्या चाकाचे स्पोक पहिल्या काही दिवसांत बसतात, तेव्हा चाकाचा आउट काढून घ्यावा आणि त्याच वेळी चाक हाताने बाजूला हलवून आसात खेळ आहे का, तेही तपासावे.